पालखी उठवायची सनई

गाण्याला मालक असतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. तोवर गाणं लग्नात वाजायचं, जीपमध्ये वाजायचं, पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या आवाजावर मात करून वाजायचं. कुणी कुणाला विचारून वाजवतंय असं काही मी पाहिलं नव्हतं. विचारायचं असतं हे कळलं आणि त्यातूनच मी अशी काही तोंडघशी पडले की अजून मान वर होत नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या साखर कारखान्याच्या अलीकडं. घरचा ऊस, थोडा कांदा. बचत गटातल्या आम्ही चौघी मासवडी करून विकायचो. मंचरच्या एकदोन हॉटेलांत जायची, लग्नसराईत जरा जास्त. मग मला व्हिडिओचं वेड लागलं. चूल पेटवायची, बेसन घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, वळायचं, कापायचं. एकजण मोबाइल धरायची, तीही अधूनमधून स्वतःचं बोट दाखवत. लोकांना आवडायला लागलं. मी जरा हवेतच गेले, खोटं कशाला सांगू.

व्हिडिओच्या मागं मी सिनेमातली गाणी लावायचे. एक दिवस सूचना आली, दुसरी आली, मग म्हणे स्ट्राइक आला. गाणं ज्या कंपनीचं होतं तिनं हरकत घेतली होती. अजून तसंच चालू ठेवलं तर चॅनेलच बंद होणार. माझा पारा चढला. “अगं बाई, मासवडीत मी त्यांचं काय घातलं?” असं मी त्या मोबाइललाच विचारलं. पण भांडायला समोर कुणी नव्हतं. मग वर्षाची वर्गणी भरून परवानगीची गाणी मिळतात ती घेऊन पाहिली. कागदोपत्री सगळं चोख, पण ते टुणटुण लागलं की आमची मासवडी दाताच्या दवाखान्यात वाढल्यासारखी वाटायची. गटातल्या बाया म्हणाल्या, हे काय लावलंय, झोप येते.

तेव्हा मला ती सनई आठवली. भैरोबाच्या यात्रेला पालखी देवळातून उठते, त्या वेळी आमच्या गावचे सनईवाले बाबा एक सूर धरतात. ते वाजवणं वर्षातून एकदाच. ते सुरू झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. आदल्या यात्रेचं ते माझ्या मोबाइलमध्ये होतं. मी ते काढून व्हिडिओखाली लावलं आणि काय सांगू, भाकरीवरची वाफसुद्धा वेगळी दिसायला लागली. पुण्या-मुंबईतली आमच्याकडची माणसं लिहायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, गाव आठवलं. कुणी मासवडीबद्दल लिहायचं, पण जास्त सनईबद्दल.

बाबांना विचारावं असं माझ्या मनातदेखील आलं नाही. इथं मी काही लपवत नाही. तेव्हा मला ते लपवण्यासारखंही वाटलं नव्हतं. यात्रेची वर्गणी आमची, पालखी आमच्या दारी थांबते, पहिली ओवाळणी आमच्या घराची. मग त्यात वाजणारी सनई कुणाची? आपलीच की! सिनेमाच्या कंपनीला मालक मानायला मी शिकले होते, पण वेशीपलीकडच्या आळीतला माणूस कशाचा मालक असेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई. पूर्वी सुगीला आमच्या खळ्यावरून धान्य न्यायचे, त्या बदल्यात लग्नाकार्यात आणि देवापुढं वाजवायचे. आता धान्य थांबलंय, दिवाळीला काहीतरी देतो आम्ही. वयानं सत्तरीचा माणूस, पण आमच्याकडची पोरंसोरंही त्यांना अरे-तुरे करतात. ते पडवीत बसतात. त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला. तो मीच विसळून कोनाड्यात पालथा घालते.

मग पुण्याच्या एका मसाल्याच्या कंपनीचा फोन आला. त्यांना तोच व्हिडिओ जाहिरातीला हवा होता, सनईसकट. वर आमच्या गटाची मासवडी ते त्यांच्या दुकानांत ठेवणार होते. चौघींनी मंचरला जाऊन मोठी पातेलीसुद्धा पाहून ठेवली. फोनवरची बाई फार गोड बोलायची. “फक्त सनईवादकांची लेखी परवानगी लागेल हं. त्याशिवाय आम्ही आवाज वापरू शकत नाही.”

माझे दीर यात्रा कमिटीत आहेत. ते ऐकून हसायलाच लागले. “त्याची परवानगी? वहिनी, तुमी बी राव! आणा इकडं, मीच करतो त्याची सही. पुण्याला कोण ओळखतंय?”

“भाऊजी, असलं काही करायचं नाही,” मी म्हणाले. “रीतसर जाते, रीतसर विचारते.”

हे म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. गावात अशी कोण जाते? मी जाणार होते. मंचरला झेरॉक्सच्या दुकानात बसून कंपनीचा मजकूर मराठीत टाइप करून घेतला, चांगली साडी नेसले, डब्यात मासवडी घेतली आणि निघाले. लग्न होऊन या गावात आले त्याला इतकी वर्षं झाली, पण त्या आळीत मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. हेही मला रस्त्यात कळलं, कारण घर कुठलं ते एका बाईला विचारावं लागलं.

घर नीटनेटकं होतं. बाबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मला पाहून घाईनं उठले, खुर्ची आणायला सांगितली. सून आतून खुर्ची घेऊन आली, पदरानं पुसली. मी डबा दिला, विषय काढला, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बाबांनी तो कानाशी धरला, पाहिला नाहीच. पूर्ण ऐकला.

“जरा घाईत धरलंय मी इथं,” ते म्हणाले. “त्या दिशी भोई लई उतावीळ व्हते.”

मी कागद काढला. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ या शब्दांशी त्यांनी मला थांबवलं.

“कायमस्वरूपी म्हंजी मी मेल्यावर बी?”

“हो, तसंच असतं ते. नुसता नियम आहे बाबा, काळजीचं काही नाही.”

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. “ताई, एक सांगू का? दुसरं काय बी घ्या. हळदीचं घ्या, वरातीचं घ्या. आत्ता बसून वाजवून देतो, सही बी करतो. हे नगा घेऊ. हे देव उठवायचं हाय. आमच्या बापानं सांगितलेलं, हे वाजलं का देव उठतो, म्हणून वरसातनं एकदाच धरायचं. तुमच्या मोबाइलमधी ते घडीघडी वाजतंय. कुणी जेवताना लावतंय, कुणी गाडीवर लावतंय. देवाला तरी किती येळा उठवायचं?”

मला हसू आलं होतं खरं. पण ते हसण्यावारी नेत नव्हते.

“म्हणजे नाही म्हणताय?”

“न्हाई म्हणतो. आता हाय ते बी काढलं तर बरं हुईल. तुमी इचारलं म्हणून बोललो. इचारलं नसतं तर मी कुठं काय म्हणणार व्हतो?”

आता जे सांगते ते सांगताना आजही कान तापतात. मी परवानगी मागायला गेले होते, नकार घ्यायला गेले नव्हते. मला वाटलं होतं, मी त्यांच्या दारी गेले हेच केवढं मोठं, ते भारावून जातील, थरथरत्या हातानं सही करतील. नाही म्हणतील हे माझ्या हिशेबातच नव्हतं. आणि मग माझ्या तोंडून माझ्या सासऱ्यांचा आवाज निघाला. खरंच, तोच चढा सूर.

“आमच्या खळ्यावरचं धान्य नेऊन तुमची घरं जगली. आमच्या वर्गणीवर वाजवता, आणि आम्हालाच नाही म्हणता?”

सून चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

बाबांनी तिला हातानं पुढं बोलावलं. “नेलं की धान्य,” ते म्हणाले. “त्याच्यापायी वाजवलं बी. तुमच्या लग्नात बी वाजवलं. चहा घ्या.”

सुनेनं ट्रे पुढं धरला. नवेकोरे कप होते, एकाच्या बुडाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला. माझ्यासाठी खोक्यातून काढलेले. मी त्या कपाकडं पाहिलं आणि मला आमच्या कोनाड्यातला कान तुटका कप दिसला. हात पुढं गेला नाही. रागानं गेला नाही, की लाजेनं, की आणखी कशानं, ते मी स्वतःला फार खोदून विचारत नाही.

“उपास आहे माझा,” मी म्हणाले.

उपासाला चहा चालतो हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिनं ट्रे मागं घेतला. मी कागद उचलला आणि चालू पडले.

घरी दीर वाटच पाहत होते. “मी सांगितलं व्हतं! आणा कागद, मारतो सही.” मी कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला. त्यांना वाटलं मी तत्त्वाची बाई. कशाचं तत्त्व! मला त्या माणसाचं काहीच नको होतं, फुकटचं नको आणि खोटंही नको, एवढाच तो राग होता. कंपनीच्या बाईला फोन करून कळवलं. ती म्हणाली, “अरेरे,” आणि नंतर तिचा फोन आला नाही. गटातल्या बाया पातेल्यांबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत, मला बोलही लावला नाही. त्यानं जास्तच लागलं.

मग मी व्हिडिओतला आवाज काढून टाकला. काढायलाच हवा होता, पण तिथंही मी गप्प बसले नाही. लोक विचारायला लागले, ताई, सनई कुठे गेली? मी खाली उत्तर लिहिलं, ‘सनईवाल्यांनी परवानगी दिली नाही.’ एक शब्दही त्यात खोटा नव्हता. पण ते मी खरं सांगावं म्हणून लिहिलं नव्हतं. गावाला कळू दे, कोणामुळं गेली ते कळू दे, म्हणून लिहिलं होतं. आमच्या गावचे निम्मे लोक माझे व्हिडिओ बघतात. दुसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर हाच विषय होता.

यात्रेच्या आधी कमिटीची बैठक झाली. तिथून दीर जेवायला आले आणि ताटावर बसूनच म्हणाले, “औंदा सनई न्हाई. जुन्नरकडची बेंजो पार्टी ठरवली. पोरांना बी तेच पायजे. अन्‌ त्याला जरा कळूद्या, कुणाला न्हाई म्हणायचं ते.”

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. भांडण माझं होतं, आणि ते ज्यानं नाही म्हणायची हिंमत केली त्याच्या मानावर उठलं होतं. पालखीपुढं वाजवणं हा त्यांच्या घराण्याचा मान. दुसरं गावानं त्यांना दिलंच काय होतं? मला हे सगळं त्याच वेळी कळत होतं. तरी मी विचारलं, “भाकरी वाढू का अजून?” आणि त्यांनी हो म्हटलं म्हणून वाढली.

यात्रेच्या दिवशी सकाळी मी देवळासमोर होते. पालखी सजली होती. बेंजोवाल्यांचा टेम्पो उभा होता, त्यावर भिंतीएवढे स्पीकर. आणि बाबा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा, हातात फडक्यात गुंडाळलेली सनई. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं! जसं विचारायचं कुणाला सुचत नाही, तसं सांगायचंही कुणाला सुचलं नव्हतं. ते सवयीनं येऊन पालखीपुढं आपल्या जागी उभे राहिले आणि फडकं सोडायला लागले.

टेम्पोनं हॉर्न दिला. “ओ बाबा, बाजूला व्हा!” कुणीतरी ओरडलं.

त्यांनी आधी टेम्पोकडं पाहिलं, मग कमिटीच्या माणसांकडं. कुणीच त्यांच्या डोळ्याला डोळा देईना. मग ते फडकं पुन्हा गुंडाळून, सावकाश, पाराच्या कडेला जाऊन उभे राहिले. बेंजोवर सिनेमातलं गाणं सुरू झालं, भोयांनी पालखी उचलली, पोरं नाचायला लागली. पालखी आमच्या दारी आली तेव्हा मी ताट घेऊन ओवाळलं. हात चालत होता. मला इतकी लाज वाटत होती की देवाच्या मुखवट्याकडं बघवेना, खाली भोयांच्या पायांकडं बघत ओवाळलं.

त्या दिवशीचा व्हिडिओ मी संध्याकाळी टाकला. सवयच ती. थोड्याच वेळात सूचना आली की गाण्याच्या मालकानं हरकत घेतली आहे, आवाज बंद करण्यात आला आहे. मी लावून पाहिलं. पालखी मुक्यानं चालली होती, पोरं मुक्यानं नाचत होती. आणि सुरुवातीलाच, कडेला, फेटा बांधलेला एक म्हातारा माणूस मुक्यानं बाजूला होत होता. आवाज असताना ते एवढं दिसलं नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, यावेळी पण सनई नाही का?’

मी घळघळा रडले. मग तो व्हिडिओ काढला, आणि मासवडीच्या व्हिडिओखालचं ते उत्तरही काढलं. तिथून काढलं, पण गावाच्या डोक्यातून कसं काढणार?

दुसऱ्या दिवशी दीर जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, “भाऊजी, पुढल्या यात्रेला सनई नसली तर आपल्या दारी मी पालखीला ओवाळणार नाही. पहिली ओवाळणी आपली आहे, ती होणार नाही. कमिटीला सांगा.”

ते घास तोंडाशी धरून माझ्याकडं बघत राहिले. “त्या माणसासाठी?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले. “जे झालं ते माझ्या तोंडामुळं झालं.”

त्यांनी ताट सारलं आणि उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. कमिटी काय ठरवेल कुणास ठाऊक. माझे मालक म्हणतात, कशाला वाकड्यात शिरलीस. मी म्हटलं, शिरले तर शिरले.

आणि मग मी पुन्हा त्या आळीत गेले. या वेळी कुणाला घर विचारावं लागलं नाही. कागद नव्हता, डबा नव्हता. बाबा तिथंच ओट्यावर होते. मला पाहून उठले नाहीत या खेपेला, आणि ते बरंच केलं.

“आता कशावर सही?” त्यांनी विचारलं.

“कशावर नाही. माफी मागायला आले. त्या दिवशी मी वाईट बोलले. आणि यात्रेत जे झालं ते माझ्यामुळं झालं.” पुढच्या यात्रेला सनई नसली तर दारी ओवाळणार नाही असं घरी बजावलंय, तेही सांगितलं.

त्यांनी मला ओट्यावर बसायची खूण केली. मग म्हणाले, “ओवाळणी नगा बंद करू. देवानं काय केलंय?” आणि पुढं म्हणाले, “माफीचं म्हणाल तर दिली. ती सनई न्हाई देत.”

“मी मागायला नाही आले.”

“माहीत हाय. तरी सांगून ठेवलं.”

मला उठायला हवं होतं, पण मी बसून राहिले. सून दारात उभी होती. इकडच्या तिकडच्या गप्पा मारण्यासारखं आमच्यात काही नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, “थोडा चहा मिळेल का?”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, आल्याचा वास आला. या वेळी तिनं नवे कप काढले नव्हते. घरात रोज वापरतात तो स्टीलचा पेला घेऊन ती माझ्यापुढं उभी राहिली, पण लगेच हातात दिला नाही.

“आज उपास न्हाई का, ताई?” तिनं विचारलं.